लाटणे मोर्चाची हकीकत

२०१८ सालच्या मार्च महिन्यातली गोष्ट आपणांपैकी पुष्कळजणींना आठवत असेल. नाशिकहून ६ मार्चला निघालेला शेतकऱ्यांचा पायी मोर्चा कसारा घाट उतरून आग्रा रोडने आपल्या शहापूर तालुक्यातून मुंबईकडे चालला होता. लाल टोप्या, लाल निशाणे, आणि मैलभर लांब माणसांची रांग. त्यात बायका कितीतरी होत्या. कित्येकींच्या पायात वहाण नव्हती. वनजमीन पिढ्यान्‌पिढ्या कसतो, २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे ती आमच्या नावे करा, हे त्यांचे मुख्य मागणे होते. आम्ही चौघीजणी आटगावच्या नाक्यावर पाण्याचे हंडे घेऊन उभ्या होतो. बरोबर माझी धाकटी मुलगी होती. ती तेव्हा चौथीत होती. म्हाताऱ्या बायांच्या ओंजळीत पाणी ओतता ओतता ती मला म्हणाली, "आई, सरकार तर आपलंच आहे ना? मग आपल्याच सरकारवर मोर्चा कशाला?"

मला त्या वेळी उत्तर देता आले नाही. "मोठी झालीस की कळेल," असे म्हणून मी वेळ मारून नेली. पुढे २०२१ च्या जानेवारीत त्याच रस्त्याने पुन्हा शेतकरी आले, तेव्हा त्यांचे भांडण दिल्लीच्या सरकारने केलेल्या तीन शेतीकायद्यांशी होते. ते कायदे त्याच वर्षीच्या १९ नोव्हेंबरला पंतप्रधानांनी मागे घेत असल्याचे जाहीर केले. मुलीचा प्रश्न मात्र माझ्या मनात तसाच राहिला. यंदा स्मरणिकेसाठी काहीतरी इतिहासाचे लिही असे अध्यक्षाबाईंनी सांगितले, तेव्हा ह्याच प्रश्नाचे उत्तर शोधावे असे मी ठरविले. इतिहास म्हटला की गड, घोडे आणि तलवारी डोळ्यांपुढे येतात. मी मात्र लाटण्याची हकीकत सांगणार आहे.

आधी आपल्या जवळची एक गोष्ट. मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर दरवर्षी २ जानेवारीला लोक जमतात. १९४३ साली त्याच दिवशी पहाटे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हे दोघे तेथे पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. भाई माथेरानचे, शिकलेले वकील. १९४२ च्या 'चले जाव' चळवळीत त्यांनी आझाद दस्ता उभा केला आणि मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. सरकार परक्याचे होते. त्याच्याविरुद्ध उठणे हे पुण्यकर्म, ह्याविषयी आज कोणाच्याही मनात शंका नाही. आपण सिद्धगडाला हात जोडतो.

परंतु १९४७ नंतर सरकार आपले झाले. मत आपण देतो, माणसे आपण निवडतो. मग त्याच सरकारपुढे जाऊन घोषणा देणे हा घरभेदीपणा नव्हे काय, असे पुष्कळ सज्जन माणसांस वाटते. माझ्या मुलीलाही तेच वाटले. ह्या शंकेचे चांगले उत्तर मला मुंबईच्या गृहिणींनी १९७२ ते १९७५ ह्या काळात केलेल्या चळवळीत सापडले.

तो काळ कसा होता हे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या बायांना विचारावे. १९७१ साली पूर्व बंगालमधून जवळजवळ एक कोट निर्वासित भारतात आले. वर्षाअखेर युद्ध झाले. त्यानंतर १९७२ साली महाराष्ट्रावर भयंकर दुष्काळ आला. खडी फोडण्याच्या नि तलाव खणण्याच्या कामांवर १९७३ च्या उन्हाळ्यात पन्नास लाखांच्या घरात माणसे होती. त्यांना सुकडी मिळत असे. रेशनवर लाल मिलो येई. त्याची भाकरी वातड होई आणि मुले ती ताटात तशीच टाकीत. एप्रिल १९७३ मध्ये दिल्लीच्या सरकारने गव्हाचा घाऊक व्यापार आपल्या हाती घेतला. हेतू असा की, साठेबाजांचा डाव मोडावा. झाले उलटेच. गहू बाजारातून नाहीसा झाला, आणि पुढल्याच वर्षी तो निर्णय सोडून द्यावा लागला. १९७३ च्या अखेरीस अरब देशांनी तेलाचे भाव जवळजवळ चौपट केले. घासलेटाच्या रांगा वाढल्या. १९७४-७५ ह्या वर्षात तर घाऊक भाव सरासरी शेकडा २५ ने चढले. म्हणजे आदल्या वर्षी शंभर रुपयांत येणाऱ्या जिनसांना सव्वाशे रुपये पडू लागले. पगार मात्र होता तेथेच.

आता ह्यात दिल्लीचा संबंध काय, असे कोणी विचारील. धान्य, साखर, घासलेट ह्यांचा कोटा तेव्हा केंद्र सरकारकडून राज्याला मिळे, राज्याकडून रेशन दुकानाला. दुकानदार म्हणतो, वरून माल आला नाही. मुंबईचे मंत्री म्हणत, दिल्लीहून कोटा आला नाही. बाई पिशवी घेऊन उभी राहते ती ह्या साखळीच्या अगदी शेवटच्या टोकाला. चुलीपुढे बसलेल्या बाईला दिल्लीशी काय करायचे, असे म्हणणाऱ्यांनी ही साखळी ध्यानात घ्यावी.

१९७२ साली मुंबईत 'महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती' स्थापन झाली. तिच्यात समाजवादी पक्षाच्या मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते होत्या, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या अहिल्या रांगणेकर होत्या, भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी होत्या. ह्या पक्षांचे पुरुष पुढारी एकमेकांशी तावातावाने भांडत असत. बायकांनी मात्र ठरविले की, तेल नि साखर कोणत्याही पक्षाच्या घरात सारखीच लागते. तेवढ्यापुरते आपण एक. मला ह्या समितीची ही सर्वांत मोठी शहाणीव वाटते.

ह्यांतल्या मृणालताई गोरे ह्यांचे आपल्याशी एक वेगळे नाते आहे. त्या मूळच्या मोहिले. डॉक्टर होण्याचे शिक्षण सोडून त्या समाजकार्यात आल्या. त्यांचे पती केशव गोरे १९५८ साली वारले. लहान मुलगी पदरात होती. तरी त्या घरात बसल्या नाहीत. १९६१ साली त्या मुंबई महानगरपालिकेवर निवडून आल्या. गोरेगावच्या वस्त्यांना तेव्हा पाणी नव्हते. त्यांनी बायकांना रिकामे हंडे घेऊन पालिकेपुढे उभे केले, अर्ज केले, सभेत बोलल्या, आणि नळ येईपर्यंत पाठ सोडली नाही. तेव्हापासून लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले.

मुंबईच्या नळाला येणारे पाणी येते कोठून? आपल्याच तालुक्यातून. आपले तानसा धरण १८९२ साली पुरे झाले. दगडी बांधाची लांबी पावणेतीन किलोमीटरांच्या आसपास. इथले पाणी पंप न लावता उताराने मुंबईपर्यंत जाते, ही त्या काळच्या इंजिनियरांची करामत. पुढे १९५७ साली मोडकसागर झाला, नंतर भातसा. मुंबईचे निम्म्याच्या जवळपास पाणी आज एकट्या भातसातून जाते. गोरेगावच्या बायका हंडे वाजवीत होत्या, तेव्हा ज्या तलावांच्या पाण्यासाठी त्या भांडत होत्या, ते तलाव आमच्या घरांच्या मागे होते. आणि इथल्या पाड्यांवरच्या बायका डोईवर दोन दोन हंडे घेऊन विहिरीचा तळ खरवडीत होत्या. पाणीवाली बाई त्यांना मिळाली. आपल्याला मिळाली नाही.

माझी थोरली मावशी तेव्हा गोरेगावच्या एका चाळीत राहत असे. काका गिरणीत होते, पदरी दोन मुले. मावशी आज नाही. पण लाटणे मोर्चाची हकीकत तिच्या तोंडून मी दहा वेळा तरी ऐकली असेन. ती सांगे की, आधी चाळीच्या मधल्या चौकात बायकांच्या बैठका होत. दुपारी जेवणे आटोपली की दोघीतिघी दारोदार फिरत. भाषण नाही की काही नाही. एकच प्रश्न विचारीत, "ह्या महिन्यात तुमच्याकडे साखर किती आली?" ती बाई रेशनकार्ड आणून दाखवी. दुसरी आपले दाखवी. चार कार्डे समोरासमोर ठेवली की कोणाला किती मिळाले नि कोणाचे किती बुडाले ते उघड होई. मावशी म्हणे, "त्या दिवसापर्यंत मला वाटत होतं, घर भागवता येत नाही ते माझंच चुकतंय. काका पण तसंच म्हणत. कार्डं बघितली तेव्हा कळलं, चूक माझी नाही."

भगिनींनो, हे वाक्य मला फार मोलाचे वाटते. महिन्याची वीस तारीख आली नि डबा रिकामा झाला की घरची बाई आपल्याच मनाला बोल लावते. आपणच हात सैल सोडला, आपणच पाहुण्यांना चहा फार पाजला. चार घरचे डबे सारखेच रिकामे आहेत हे दिसले, म्हणजे कारण आपल्या स्वयंपाकघरात नसून बाहेर कोठेतरी आहे हे समजते. चळवळीची सुरुवात ह्या समजुतीत आहे.

मग थाळ्यांचा मोर्चा निघाला. ठरलेल्या वेळी घराघरातून बायकांनी रिकाम्या थाळ्या वाजवावयाच्या, असाही कार्यक्रम झाला. जिला लहान मूल आहे, जिला सासू बाहेर जाऊ देत नाही, तीही आपल्या दारात उभी राहून थाळी वाजवू शकत होती. आणि मग लाटणे मोर्चे निघाले. हजारोंनी बायका हातात लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. त्यात गिरणगावच्या होत्या, गोरेगाव-पार्ल्याच्या होत्या, नोकरी करणाऱ्या होत्या, नि माझ्या मावशीसारख्या कधी एकट्याने स्टेशनच्या पलीकडे न गेलेल्याही होत्या. मंत्र्यांना घेराव घातले गेले, सचिवालयावर धडक मारली गेली. वर्तमानपत्रांनी प्रथम थट्टा केली. लाटणे म्हणजे नवऱ्याला मारण्याचे हत्यार, अशी व्यंगचित्रांत पूर्वापार समजूत! पण बायकांनी तेच मुद्दाम उचलले. पुरुषांच्या मोर्चात काठी असती तर पोलिसांनी ती हिसकावून घेतली असती. पोळ्या लाटायचे लाटणे बाईच्या हातातून काढून घेताना शिपाईसुद्धा ओशाळत असे, असे मावशी हसत हसत सांगे. मी तिला एकदा विचारले, "मग घरी आल्यावर काय केलंस?" ती म्हणाली, "काय करायचं? लाटणं धुतलं नि पोळ्या लाटल्या. पीठ होतं तेवढ्या."

ही चळवळ एकटी नव्हती. गुजरातेत १९७३ च्या डिसेंबरात अहमदाबादच्या एका इंजिनियरिंग कॉलेजातल्या मुलांनी खानावळीचे दर वाढले म्हणून भांडण सुरू केले. त्यातून नवनिर्माण आंदोलन उभे राहिले, आणि ९ फेब्रुवारी १९७४ रोजी तिथल्या मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. बिहारात जयप्रकाश नारायण उभे राहिले. ८ मे १९७४ पासून देशभर रेल्वे कामगारांचा संप झाला. तो वीस दिवस चालला. कल्याणपासून कसाऱ्यापर्यंतच्या आपल्या रेल्वेपट्ट्यात रेल्वेची नोकरी म्हणजे घरोघरचा आधार, तेव्हा ह्या संपाची झळ आपल्याकडच्या बायकांनाही लागली. खानावळ, रेशन, पगार. सगळीकडे सुरुवात पोटापासूनच झालेली दिसते.

ह्यात सरकारचीही बाजू आहे, आणि ती न सांगणे अन्यायाचे होईल. पाऊस सरकारने थांबवला नव्हता. निर्वासितांना हाकलून देणे हे माणुसकीचे झाले नसते. तेलाचे भाव दिल्लीने वाढवले नव्हते. महाराष्ट्र सरकारने दुष्काळात गावोगाव कामे काढली नसती तर माणसे किती मेली असती ह्याचा विचारही करवत नाही. वि. स. पागे ह्यांच्या विचारातून निघालेली रोजगार हमी योजना त्याच काळातली. पुढे १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि २००५ साली सबंध देशाने तसा कायदा केला. म्हणजे सरकार सगळेच वाईट करीत होते असे नाही. दोष होता तो वेगळा. चुकले कोठे, माल कोठे अडला, कोणी साठविला, हे विचारणाऱ्या बायकांना उत्तर देण्याची तयारी नव्हती.

आणि पुढे तर विचारण्याचीच बंदी झाली. १९७५ च्या २५ जूनच्या रात्री देशात आणीबाणी पुकारण्यात आली. सभा बंद, मोर्चे बंद, वर्तमानपत्रांवर पहारा. मृणालताईंनी काही काळ भूमिगत राहून काम केले, पुढे त्या पकडल्या गेल्या. अहिल्याताई, प्रमिलाताई ह्यांनाही तुरुंगात जावे लागले. प्रमिलाताई येरवड्यास, तर त्यांचे पती मधू दंडवते दूर बंगलोरच्या तुरुंगात. चाळीतल्या बैठका थांबल्या. मावशी सांगे, काकांनी लाटणे लपवून ठेव म्हणून सांगितले होते! आज आपल्याला हसू येते. पण पोलीस दारात येतील ही भीती खरी होती. त्या काळात भाव थोडे उतरले, गाड्या वेळेवर धावू लागल्या, असे सांगणारे लोक आहेत. भाव उतरले हे खरे. पण जे घर भीतीने गप्प बसले आहे, त्याला शांत घर कोणी म्हणत नाही.

२१ मार्च १९७७ रोजी आणीबाणी उठली. त्याच महिन्यात झालेल्या निवडणुकीत मुंबईच्या सहाही जागा काँग्रेसने गमावल्या. मृणालताई आणि अहिल्याताई दोघीही लोकसभेवर गेल्या. इंदिरा गांधी स्वतः पराभूत झाल्या. पाणीवाली बाई दिल्लीत गेली नि दिल्लीवाली बाई पाण्यात गेली, असे लोक तेव्हा गमतीने म्हणत. ह्यात मजा अशी की, ज्या सरकारविरुद्ध लाटणी उचलली गेली त्याच्या शिखरावरही एक बाईच होती. तेव्हा हे भांडण बायका विरुद्ध पुरुष असे नव्हते. ज्यांना हिशेब द्यायचा होता आणि ज्यांना तो हवा होता, त्यांच्यातले ते होते.

महागाई त्यानंतर संपली का? नाही. नवे सरकार अडीच-तीन वर्षांत कोसळले, कांदा महागला, आणि १९८० साली इंदिरा गांधी पुन्हा निवडून आल्या. प्रमिलाताई त्या वर्षी लोकसभेवर गेल्या आणि हुंड्याचा प्रश्न त्यांनी तेथे लावून धरला. मृणालताईंनी १९८३ साली संकटात सापडलेल्या बायकांसाठी 'स्वाधार' ही संस्था काढली. त्या २०१२ साली गेल्या, अहिल्याताई २००९ साली. भाव आजही चढतात. पण चाळीच्या चौकात रेशनकार्डे समोरासमोर ठेवणारी बाई पुन्हा पूर्वीसारखी झाली नाही. माझी मावशी शेवटपर्यंत दुकानदाराकडून पावती घेतल्याशिवाय हलत नसे.

आता आपल्या मंडळापुरते थोडे बोलते. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आपल्या शेजारच्या पाड्यावर टँकर येईनासा झाला. मोठ्या धरणांच्या ह्या तालुक्यात दर उन्हाळ्यात कित्येक पाडे टँकरवर जगतात, हे मी नव्याने सांगायला नको. तेव्हा मंडळाच्या बैठकीत दोन मते पडली. काही भगिनी म्हणाल्या, "आपण हळदीकुंकू करणाऱ्या बायका. सरकारविरुद्ध गेलो तर मंडळाला मिळते ती मदतही बंद होईल." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. भीती त्यांनाही होती, मलाही होती. शेवटी एवढेच ठरले की, पाड्यावरच्या एका मुलीने वहीत रोज लिहून ठेवावयाचे: आज टँकर आला की नाही, किती वाजता आला, किती हंडे मिळाले. पंधरा दिवसांची ती वही घेऊन आम्ही अकराजणी एका कचेरीत गेलो. पहिल्या खेपेस साहेब नव्हते. दुसऱ्या खेपेस अर्ज चुकीच्या टेबलावर आहे असे कळले. तिसऱ्या खेपेस आम्ही रिकामे हंडे बरोबर नेले. कोणी ओरडले नाही, कोणी काही फोडले नाही. वही टेबलावर ठेवली आणि म्हटले, "कागदावर तुमचा टँकर रोज आला आहे. आमच्या वहीत सहा दिवस आला. ताळा करून द्या." त्या आठवड्यापासून टँकर नेमाने येऊ लागला. मंडळाची मदत बंद झाली नाही. पाड्याला नळ मात्र अजून आलेला नाही, हेही लिहिले पाहिजे.

मुलगी आता मोठी झाली आहे. तिच्या त्या प्रश्नाला मी आता असे उत्तर देते: बाळ, शेजारच्या घरात पैसे कोठे गेले हे आपण विचारायला जात नाही. आपल्या घरात मात्र विचारतो, कारण घर आपले असते. सरकार आपले आहे म्हणूनच त्याला विचारावयाचे. सिद्धगडावरच्या दोघांनी परक्याला "जा" म्हटले. लाटणे मोर्चातल्या बायका आपल्या माणसांना "जा" म्हणत नव्हत्या, "हिशेब दे" म्हणत होत्या. आणि हिशेब ठेवणे हे काम तर आपण रोजच करतो. दूधवाल्याचे, किराण्याचे, भिशीचे. त्याच वहीत आणखी एक पान वाढवावयाचे आहे.

येत्या उन्हाळ्यासाठी ती वही पुन्हा सुरू करावी, आणि ह्या वेळी सगळ्या पाड्यांची करावी, अशी माझी मंडळाला विनंती आहे. ज्या भगिनींना गेल्या वेळी भीती वाटली होती त्यांनी घरी बसून आकडे मांडले तरी पुष्कळ झाले. थाळी दारात उभी राहूनही वाजवता येते.